दिवेलागणीनंतर

नळाऐवजी घरोघर पाणी नेणारी भिंतीतली जिवंत नळवेल तडकून गळू लागली तेव्हा शकुंतलाकाकू देवापाशी दिवा लावत होत्या. खालच्या घरात पाणी उतरू नये म्हणून त्यांनी धावत जाऊन चिरेवर हात दाबला. नळमाळी हणमंत येईपर्यंत वेलीने जखम भरायला तंतू सोडले होते. गळती थांबली, पण तंतूंनी काकूंच्या मनगटातली पाटलीही गुंडाळून घेतली. लग्नापासून न निघालेली ती पाटली आता भिंतीलाच जखडली होती.

हणमंतने पिशवीतून सुरी काढली. “तंतू सुकले की आवळत जातात, काकू. मनगट मोडेल. एवढी वीतभर वेल कापून टाकतो.”

“दिवे लागल्यावर झाडाला सुरी लावतात का? झोपलंय ते.”

“प्रयोगशाळेत वाढवलेली वेल ही. हिला कसली झोप?”

काकूंनी भिंतीला कान लावला. आत पाणी सावकाश चढत होतं, थांबत होतं, पुन्हा चढत होतं.

“पाटली काप,” त्या म्हणाल्या.

“तुमच्या आईने घातलेली ना ही?”

“हो. पण पाटलीला दुखत नाही.”

हणमंतने सुरी मिटली आणि करवत शोधू लागला.