पावणेतीनशे लिटर

सानपाड्याच्या सिग्नलला दिपेशच्या गाडीत बसलेल्या उन्नतीला पुन्हा हसू फुटलं, तेव्हा मात्र ती घाबरली. दिपेश काही फार विनोदी बोलला नव्हता. न्हावा शेव्याला एका कंटेनरमध्ये पंख्यांऐवजी बाहुल्या निघाल्या आणि कस्टमवाल्यांनी त्या ओळीत बसवून मोजल्या, एवढंच त्याने सांगितलं होतं. यात डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसण्यासारखं काय होतं? पण पाणी आलं होतं. छाती धडधडत होती, कान तापले होते, डोकं अगदी हलकं झालं होतं.

उन्नती कोपरखैरण्याच्या एका क्लासमध्ये बारावीला केमिस्ट्री शिकवायची. तिचं डोकं असं उगाच हलकं होणाऱ्यांतलं नव्हतं. आलेल्या प्रत्येक स्थळाला तिने नाही म्हटलं होतं आणि कारण दरवेळी एकच, 'काही होतच नाही.' घरचे कपाळाला हात लावून बसले होते. आजी, विमलबाई, तेवढी तिच्या बाजूने. "ज्याच्या शेजारी बसून छाती धडधडंल, त्यालाच हो म्हन," असं तिने सांगून ठेवलं होतं. दिपेश हे पावणे गावचं स्थळ, कस्टम एजंटाकडे नोकरीला. त्याच्या घरचे आज संध्याकाळी हळदीला येणार होते आणि उत्तर घेऊनच जाणार होते.

हळद उन्नतीच्या चुलत बहिणीची, क्रांतीची. क्रांतीला ढगातून एन्ट्री हवी होती. त्यासाठी ड्राय आइस लागतो, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचं पाणी होत नाही, सरळ गॅस होतो. उन्नतीचे वडील हिरामण सारसोळ्याचे जुने मासळीवाले. पावण्याच्या कारखान्यातून दहा किलो ड्राय आइस आणायचं काम त्यांच्याकडे आलं. पण ढगांना बोंबलाचा वास नको, असं क्रांतीने बजावल्यामुळे त्यांच्या टेम्पोऐवजी दिपेशची गाडी बोलावली गेली. दिपेश पोर्टवाल्यांशी फोनवर बोलत असताना हिरामणांनी थर्माकोलचा खोका मागच्या सीटवर चढवला आणि ते टेम्पो घेऊन पुढे गेले. "झाकणाला टेप लावू नका हां पप्पा, गॅसला बाहेर पडायला वाट पाहिजे," हे उन्नतीने सकाळीच सांगितलं होतं. मग दिपेशने तिला क्लासवरून घेतलं.

गॅसला वाट. उन्नतीने मान वळवून पाहिलं. मागे गोणपाटाने झाकलेला खोका होता. काचा बंद होत्या आणि एसी आतलीच हवा आत फिरवत होता.

तिच्या डोक्यात फळा उभा राहिला. एवढ्या वेळात अर्धा किलो तरी उडाला असेल. पाचशे ग्रॅम भागिले चव्वेचाळीस, म्हणजे अकरा मोल. या उकाड्यात एक मोल गॅस जागा घेतो साडेचोवीस लिटर. एकूण पावणेतीनशे लिटर. आणि अख्ख्या गाडीत हवा असेल तीन हजार लिटर. म्हणजे नऊ टक्के. एवढ्यात तर माणसाला धाप लागते, छाती धडधडते, गरगरतं.

"गाडी बाजूला घ्या," ती म्हणाली. "काचा उघडा. आत्ताच्या आत्ता."

पाम बीच रोडच्या कडेला चारही दारं सताड उघडून दोघं बाहेर उभी राहिली. बॉनेटवरच्या धुळीत बोटाने तिने सगळं गणित मांडून दाखवलं. दिपेशने ते नीट वाचलं.

"मला पण होतंय हे सगळं," तो म्हणाला. "तुमी गाडीत बसलात तेव्हापासून. मला वाटलं..." तो थांबला. "गॅस काय."

"गॅसच."

हे म्हणताना उन्नतीला भयंकर वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी झालं आणि ते निघालं कार्बन डायऑक्साइड. रडू येत होतं आणि त्याचंही हसू येत होतं. पण गॅसच्या भरात कोणी लग्नाला हो म्हणत नाही. आजीला आजही 'नाही'च सांगायचं, असं तिने ठरवलं.

पुढचा सगळा रस्ता काचा खाली होत्या. खाडीचा वारा केसांत शिरत होता. नेरूळ आलं तेव्हा दिपेशने हळूच विचारलं, "उतरलं का?"

"अजून नाही. तुमचं?"

"वाढलंय."

"रक्तातून जायला वेळ लागतो," उन्नती म्हणाली. असं कुठल्याही पुस्तकात नव्हतं, हे तिला चांगलं माहीत होतं.

सारसोळ्यात मांडवाच्या दारातच हिरामणांनी खोका उतरवून गोणपाट ओढलं. खोक्याला चहूबाजूंनी खाकी टेप गुंडाळलेला होता, मासळी परगावी पाठवताना गुंडाळतात तसा घट्ट.

"पप्पा, मागे व्हा. फुटेल तो."

"बर्फ हाय बाय, फुटंल कसा?" हिरामण म्हणाले आणि त्यांनी सुरीने टेप कापला. आत बर्फाचे लख्ख तुकडे होते, खाली गार पाणी साचलं होतं. "तो कारखानेवाला फसवत व्हता आपल्याला. पान्याचा थेंब नाय, नुसता धूर. असला माल मी घेतो व्हय? तिथंच परत केला नि नाक्यावरून ताजी लादी फोडून भरली."

आतून क्रांतीने हंबरडा फोडला. दिपेश बर्फाकडे बघत राहिला, मग उन्नतीकडे.

"मॅडम," त्याने विचारलं, "मग गाडीत गॅस होता किती?"

"शून्य लिटर," उन्नती म्हणाली आणि आजीला शोधायला मांडवात धावत सुटली.