कानामागची पट्टी

नववीच्या वर्गात नागरिकशास्त्राच्या तासाला लुटुपुटूचा खटला उभा राहिला की आरोपीच्या कानामागे स्मृतिपट्टी लावत. खटल्यातला गुन्हा आपणच केला, असं त्या मुलाला तासभर खरोखर आठवे. पट्टी काढली की आठवण पुसली जाई, आरोपी हसू लागे आणि सगळा वर्ग ओरडे, "आला रे परत!"

आज आरोपी होती मेघना सावर्डेकर आणि खटला होता गोदामाला लागलेल्या आगीचा.

"मेणबत्ती पडली," मेघना रडत म्हणाली. "कागद पेटले. मी घाबरून पळाले."

"रडूबाईला गॅदरिंगच्या नाटकात घ्या!" सरकारी वकील झालेला ओजस म्हणाला आणि वर्ग हसला.

कुलथे सर मात्र चपापले. पट्टीत भरलेल्या खटल्यात मेणबत्ती नव्हती, रॉकेल होतं.

घंटा झाली. सरांनी पट्टी काढली. तिचा दिवा विझलेलाच होता. काल ती चार्जिंगला लावायची राहूनच गेली होती.

"आली रे परत!" वर्ग ओरडला. मेघना हसली नाही.

गेल्या वर्षी शाळेचं ग्रंथालय जळालं, तेव्हा शिपाई दगडूकाकांना तिथे पाहिल्याची साक्ष सरांनीच दिली होती. काका अजून तुरुंगात होते.

सरांनी पट्टी मुठीत लपवली. मेघनाने ते पाहिलं.

"सर," ती हळूच म्हणाली, "आता काकांना सोडतील ना?"