मास्तरांचं पहिलं पान

घरातला कॉम्प्युटर सुरक्षित राहतो तो घरच्या माणसांच्या चारित्र्यावर, असं संगमनेरच्या यशया मास्तरांचं ठाम मत होतं. हे मत मंगळवारच्या प्रार्थनेपर्यंत टिकलं.

प्रार्थना मास्तरांच्याच घरी होती. पाळकसाहेब आले होते, मंडळीतले वडीलधारे आले होते, आणि कोचावर रंगनाथ साळवे बसले होते. साळव्यांच्या एंजलसाठी मास्तरांच्या मेहुण्याचा, बेंजामिनचा, विचार चालला होता. आज चहानंतर होकार मिळायचा होता. म्हणून मास्तरांच्या बायकोने, एलिझाबेथबाईंनी, केक केला होता आणि मास्तरांनी इंटरनेट लावलं होतं. साल नव्व्याण्णव. अख्ख्या गल्लीत कॉम्प्युटर एकट्या मास्तरांकडे. त्याच्यासमोर चपला घालून जायची कोणाला परवानगी नव्हती, कारण व्हायरस धुळीतून येतो असं मास्तरांच्या ऐकण्यात होतं. पाळकसाहेबांनीसुद्धा बूट बाहेर काढले होते.

इंटरनेट उघडलं की पहिलं पान बायबलचं यावं, अशी सोय मास्तरांनी करून ठेवली होती. मोडेम बराच वेळ खाकरला. मग पान आलं. त्यात एक बाई होती. तिच्या अंगावर सांगण्यासारखं काही नव्हतं. मास्तरांनी तिला बंद केलं, तर दोघी आल्या. त्या दोघींना बंद केलं, तर चौघी.

"आपण प्रार्थना करू या," पाळकसाहेब म्हणाले.

सगळ्यांनी डोळे मिटले. पाळकसाहेब अनुभवी होते. त्यांनी आजाऱ्यांसाठी मागितलं, परीक्षेला बसलेल्यांसाठी मागितलं, पावसासाठी आणि साखर कारखान्यासाठी मागितलं, आणि माऊसचा खटखटाट थांबेना म्हणून राज्यकर्त्यांसाठीही मागितलं. शेवटी एलिझाबेथबाईंनी कपाटामागे हात घालून प्लग उपटला. तेव्हा कुठे आमेन झालं.

डोळे उघडल्यावर कोणी मास्तरांकडे बघेना, आणि तेच मास्तरांना सोसेना. अशा वेळी कोणीही दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मास्तर तर पेशाने शिक्षक होते.

"रविवारी उपासनेनंतर इथं तू बसला होतास ना, बेंजामिन? चपला घालून?"

बेंजामिनने आधी बहिणीकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "व्हय दाजी. मीच हुतो."

साळवे केक न खाताच उठले. बाकीच्यांनी खाल्ला, पण घाईत.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शाळेत रजा टाकली आणि कॉम्प्युटरचे क्लास घेणाऱ्या एका ओळखीच्याला फोन केला. तो म्हणाला, अलीकडे इंटरनेटवरून जे जे उतरवून घेतलं असेल, ते काढून टाका आणि बघा. मास्तरांना आठवून आठवून एकच गोष्ट आठवली. 'रोज एक वचन' नावाचा प्रोग्राम, अगदी फुकट. घेताना त्याने इंग्रजीत बरंच काही विचारलं होतं आणि मास्तर दर वेळी 'येस' दाबत गेले होते. देवाचं वचन देणाऱ्याला नाही कशाला म्हणायचं?

प्रोग्राम काढला, बायका गेल्या. पुन्हा घातला, पुन्हा आल्या. या खेपेला मास्तरांनी प्रश्न वाचले. तिसऱ्या परिच्छेदात त्याने सरळ विचारलं होतं, की तुमचं पहिलं पान बदलू का, आणि तुम्ही काय काय बघता ते आमच्याकडे कळवत राहू का. मास्तर शाळेत इंग्रजीच शिकवत. प्रश्न दोनदा वाचा, हे त्यांचं वर्गातलं पालुपद होतं.

बेंजामिन मागच्या अंगणात सायकल पुसत होता. मास्तरांनी त्याला विचारलं, तू काही केलं नव्हतंस, मग हो का म्हणालास?

"रविवारीच बघितलं हुतं मी ते, दाजी." बेंजामिन चाकाकडे बघत बोलत होता. "वाटलं, तुमचंच हाय. काल प्रार्थनेत ताईनं चिमटा काढला. कानात म्हनली, तू अंगावर घे, तुझं लगीन काय पुढंमागं हुईल, ह्यांची नोकरी जाईल."

मास्तरांनी स्वयंपाकघरात पाहिलं. एलिझाबेथबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. इतक्या वर्षांचा संसार, आणि तिलाही तेच वाटलं होतं. तिने विचारलंसुद्धा नव्हतं. काल संध्याकाळी सगळ्यांसमोर वाटली ती लाज काहीच नव्हती, हे मास्तरांना आत्ता कळलं.

ते तसेच साळव्यांकडे गेले. पोराची चूक नाही, चूक माझी आहे, असं त्यांनी उंबऱ्यावरच सांगून टाकलं. मग आत बसून फुकटचं वचन सांगितलं, 'येस' सांगितलं, तिसरा परिच्छेद सांगितला. दवाखान्यात रोग्याचं ऐकून घ्यावं तसं साळव्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला.

"कबूल केलंत ना मास्तर? झालं तर मग. आता कारणं कशाला देता?"

त्यांनी आत चहा सांगितला, आणि बेंजामिनच्या घरच्यांना होकार कळवा म्हणून बायकोलाही सांगितलं.

साखरपुडा चर्चच्या हॉलमध्ये झाला. पाळकसाहेबांनी मास्तरांना मुद्दाम पुढच्या रांगेत बसवलं आणि पश्चात्तापावर चार शब्द बोलले. मास्तरांनी मान डोलावली.

नाताळच्या आधी मास्तरांनी कॉम्प्युटर विकून टाकला. तो साळव्यांनी घेतला.