टीचरांचा उपवास

शांतवनच्या तोंडातून कम्युनियन बाहेर आलं आणि नेमकं ब्रिजित टीचरांच्या तळहातावर पडलं.

मिस्सेत पवित्र केलेल्या भाकरीचा तो तुकडा नखाएवढाच होता. पण लाळेत आणि रक्तात भिजलेला, आणि शांतवनच्या तोंडाचा वास त्याला लागलेला. टीचरांच्या अंगावर सरसरून काटा आला. हात झटकावा असं वाटलं. पण झटकणार कसा? हातावर प्रभूचं शरीर होतं.

दिघ्याच्या वस्तीतल्या त्या खोलीत तिघंच होती. खाटेवर शांतवन, उशाशी त्याची बायको सगुणा, आणि समोर जुईनगरहून आलेल्या टीचर. रबराच्या कारखान्यात जन्म काढलेल्या शांतवनला गुटख्याने गाठलं होतं. तोंडाचा कॅन्सर, गालाला आरपार जखम. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. हा रोग शिवल्याने होत नाही, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी शेजारणी उंबऱ्याबाहेरूनच चौकशी करायच्या, आणि आत या म्हटलं की त्यांना गॅसवर ठेवलेलं दूध आठवायचं.

ब्रिजित टीचर मात्र आत यायच्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर चर्चच्या फादरांनी त्यांना आजाऱ्यांकडे कम्युनियन नेण्याची सेवा दिली होती. दर रविवारी मिस्सेत स्वतः कम्युनियन घेतलं की गळ्यात आजाऱ्यांच्या कम्युनियनची छोटी सोनेरी डबी, तिच्यावर पदर आणि तोंडाला कुलूप. प्रभूला घेऊन निघाल्यावर वाटेत कुणाशी बोलायचं नाही, कुठे थांबायचं नाही, असा रिवाज. रिक्षात कुणी ओळखीचं भेटलं तरी त्या नुसती मान हलवत. पॅरिशमध्ये, चर्चच्या सगळ्या लोकांत, त्यांचं मोठं नाव होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंही.

एकच गोष्ट त्यांनी कुणाला कळू दिली नव्हती. त्यांना या घराची किळस यायची. पहिल्या रविवारी सगुणाने चहा पुढे केला, तेव्हा कपाच्या कडेकडे बघूनच त्यांनी हात मागे घेतला होता.

"माझा उपवास असतो गं, कम्युनियनचा," त्या पटकन म्हणाल्या होत्या.

"बरं, टीचर," म्हणत सगुणाने कप आत नेला होता. थाप इतकी बेमालूम पचली की टीचरांनी तीच पुढे चालवली. दर रविवारी चहा यायचा, दर रविवारी परत जायचा. सगुणा लहानपणी जालन्याकडे सिस्टरांच्या बोर्डिंगात वाढलेली, शिस्तीची बाई. तिने कधी आग्रह केला नाही.

आता ती टक लावून टीचरांच्या हाताकडे बघत होती. शांतवनही बघत होता. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्याने हात जोडले, मग एक हात आडवा हलवला. पुरे. परत आणू नका. आपल्या सडक्या तोंडाने प्रभूची विटंबना झाली, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. आठवडाभर तो याच एका घासाची वाट बघायचा. त्याने ओठ मिटले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"अवो, असं नका करू," सगुणा कळवळली. "असंच रिकाम्या तोंडानं जायाचं हाय का?"

तो वळला नाही. सगुणाने पाण्याचा पेला आणला. "टीचर, ह्यात सोडा. इरघळलं की तुळशीच्या बुडाशी वतते."

तोही रिवाजच होता. फादरांनी शिकवलं होतं, असं काही झालं तर पाण्यात विरघळवायचं, नाहीतर स्वतः घ्यायचं. पाण्यात सोडण्यात काही पाप नव्हतं. सुटका समोर होती, घासून लख्ख केलेल्या पेल्यात.

टीचरांनी पेल्याकडे पाहिलं, मग शांतवनच्या पाठीकडे. पेल्यात सोडलं तर त्याला वाटलं ते खरंच ठरणार होतं. मग हा माणूस मरेपर्यंत तोंड उघडणार नव्हता. तळहातावरचा तुकडा विरायला लागला होता. टीचर प्रार्थना म्हणू लागल्या. प्रभूने आपल्या घरी यावं एवढी आपली लायकी नाही, अशी ती प्रार्थना. शांतवनची वाचा गेल्यापासून त्याच्या वतीने त्याच म्हणायच्या, भरभर, एकदाचं उरकायचं म्हणून. आज अर्ध्यावरच त्या सावकाश झाल्या. आज ती त्या स्वतःसाठी म्हणत होत्या.

"शांतवन, इकडे बघ," त्या वर्गात म्हणायच्या तशा म्हणाल्या.

त्याने मान वळवली. टीचरांनी तळहात ओठांशी नेला आणि तुकडा तोंडात घेतला. पोटातून उमासा आला. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि गिळलं. तळहातावर कणही ठेवला नाही.

मग त्यांनी डबी उघडली. आत उरलेल्यातला अगदी कणभर तुकडा मोडून चमचाभर पाण्यात ठेवला आणि चमचा पुढे केला.

"ख्रिस्ताचं शरीर."

शांतवन त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने तोंड उघडलं. गळ्याची घाटी वर गेली, तिथेच अडकली, आणि मग सावकाश खाली आली. आमेन म्हणणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. त्याने टीचरांचं बोट धरून ठेवलं.

टीचर भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांना रडू आवरेना. सगुणा ओट्याकडे गेली. पातेल्याचा आवाज झाला, गॅस पेटला. टीचर काही बोलणार, एवढ्यात सगुणाच पाठमोरी बोलली.

"उपास कम्युनियनच्या आदी असतो, टीचर, मागून न्हाई. सिस्टरांनीच शिकिवलंय मला. पयल्या दिसापास्नं ठावं व्हतं. तरी चहा टाकीत ऱ्हायले. म्हनलं, कवातरी सुटंल."