एकोणतिसाव्या मजल्यावरचा श्वास

वीज गेली आणि विनायकरावांच्या पलंगाशेजारचं ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं. खालची धूळ त्यांच्या फुप्फुसांना सोसत नव्हती, म्हणून तर त्यांच्या पत्नीने, सुलभाताईंनी, एकोणतिसाव्या मजल्यावर घर घेतलं होतं. इथे आल्यापासून त्यांचा खोकला निम्म्यावर आला होता.

सुलभाताईंनी वॉचमनला फोन लावला. "जनरेटर कधी चालू होईल?"

"बिघडलाय, मॅडम. लिफ्टही बंद आहे. ॲम्ब्युलन्स बोलावतो, पण त्यांना जिने चढून यावं लागेल."

विनायकरावांचे ओठ निळसर पडू लागले होते. दोन वर्षांत इथे कुणाशीच ओळख झाली नव्हती, तरी सुलभाताईंनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'कुणाकडे ऑक्सिजन आहे का? फ्लॅट २९०२.'

दहा मिनिटांनी दारात धापा टाकत एक बाई उभी राहिली. "मी अलका परुळेकर, चोविसाव्या मजल्यावरची." तिने छोटा सिलिंडर खाली ठेवला आणि सराईत हातांनी विनायकरावांच्या तोंडावर मास्क बसवला.

हळूहळू त्यांच्या ओठांवर रंग परतला. ॲम्ब्युलन्सचे डॉक्टर वर पोचेपर्यंत अलका सुलभाताईंचा हात धरून बसली होती. डॉक्टरांनी तपासलं आणि आता काळजी नाही, असं सांगितलं.

"सिलिंडर तुम्हाला परत कधी देऊ?" सुलभाताईंनी विचारलं.

"राहू दे इथेच," अलका म्हणाली. "आई गेल्यापासून तसाच भरलेला पडून होता. कुणाला देववत नव्हता."