बाहीचं माप

"काकू, बाही मनगटापर्यंत शिवा," ऐन मे महिन्यात ती आठ वर्षांची पोर म्हणाली. गणवेशाचं माप घेताना तिच्या दंडावर पट्ट्याचे वळ दिसले. बाप दारातच उभा होता. मी मापं वहीत लिहून घेतली.

ते गेल्यावर लगेच १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला. "खात्री नाही हो माझी. उगाच कुणावर आळ नको..."

"खात्री आम्ही करू, ताई. तुम्ही दिसलं तेवढं सांगा. तुमचं नाव बाहेर येणार नाही."

सांगितलं. लांब बाह्यांचा गणवेश शिवून खुंटीला लावला आणि रोज रस्त्याकडे बघत बसले.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ती मावशीसोबत आली. "आता माझ्याकडेच राहते," मावशी म्हणाली.

पोरीने गणवेश अंगात घातला, कात्री माझ्या हातात दिली आणि कोपराच्या वर बोट ठेवलं.

"इथून कापा, काकू. उकडतं."