हाताला न कळणारा रस्ता

पस्तीस वर्षं सटाण्याहून कांद्याचा ट्रक चालवलेले धोंडीरामकाका त्या महिन्यात तिसऱ्यांदा द्वारका चौकाजवळच्या माझ्या गॅरेजात आले. पोराने पॉवर स्टीअरिंगची गाडी घेऊन दिली होती, पण "रस्ता हाताला कळतच नाय" हे काकांचं पालुपद. मी टायर बदलून पाहिले, शेवटी स्टीअरिंगचं चांगल्यातलं कंट्रोल मॉड्यूल बसवलं. मला आता बारीक खडीसुद्धा हाताला कळत होती. त्यांना नाहीच.

मी थकून समोरून चहा मागवला. ग्लास इतका कढत होता की फडक्यात धरूनच त्यांच्या हातात दिला.



तो दोन्ही तळव्यांत गच्च धरून काका म्हणाले, "शेखर, चहाबी गारच हाय रे तुझा."